माओमाओ एकच, मांगा दोन

‘द अपोथेकरी डायरीज’ या मांगाचे, म्हणजे जपानी चित्रकथेचे, तीन खंड वाचून चौथा मिळवावा, तर चेहरे निराळे आणि प्रसंगाचा धागाही जुळत नाही. छपाई चुकलेली नसते, तुम्ही दुसरा मांगा उचललेला असतो.

नात्सु ह्यूगा यांच्या एकाच कादंबरीवर (नायिका माओमाओ, राणीवशातली औषधं-विषं जाणणारी दासी) २०१७ साली, तीन महिन्यांच्या अंतराने, दोन मांगा सुरू झाले. मे महिन्यात स्क्वेअर एनिक्सच्या ‘बिग गानगान’ मासिकात आला तो नेकोकुरागे यांच्या चित्रांचा, मांडणी इत्सुकी नानाओ यांची. ऑगस्टमध्ये शोगाकुकानच्या ‘संडे जीएक्स’ मासिकात मिनोजी कुराता यांचा. कुरातांच्या जपानी मुखपृष्ठावर जास्तीचं उपशीर्षक असतं: माओमाओची राणीवशातली कोडी सोडवण्याची वही. म्हणून आधी चित्रकाराचं नाव बघा, मग खंडाचा आकडा. इंग्रजीत स्क्वेअर एनिक्सचं नाव असलेला मांगा नेकोकुरागेंचा. मात्र कादंबरीची छापील इंग्रजी आवृत्तीही त्याच प्रकाशकाची आहे, तेव्हा मागवण्याआधी आतलं एखादं पान उघडून बघितलेलं बरं.

फरक कळतो तो प्रकरणं हाताळण्यात. पहिलंच घ्या. बादशहाची तान्ही मुलं दगावतायत आणि सगळे शापाकडे बोट दाखवतायत. माओमाओ घागऱ्याची चिंधी फाडून तिच्यावर इशारा लिहिते: पांढरी पावडर विषारी आहे, बाळाला लागू देऊ नका. पावडरीत शिसं असतं, आणि आईच्या अंगावरून ते बाळाच्या तोंडात जातं. ही नुसती कल्पना नाही. जपानात तान्ह्या मुलांच्या ‘मेंदूज्वरा’मागे आईची शिसेयुक्त पावडर आहे, हे क्योतोच्या इकुतारो हिराई यांनी १९२३ मध्ये दाखवून दिलं. कुराता असा पुरावा, कारण, उलगडा सरळ मांडत पुढे सरकतात, त्यामुळे कथाही बरीच पुढे गेली आहे. नेकोकुरागे चेहऱ्यावर रेंगाळतात: विष दिसताच खुलणारी माओमाओ, राणीवशाचा देखणा अधिकारी जिन्शी जवळ आला की कचऱ्याकडे बघावं तशी तिची नजर, मधेच चित्रात तिचं मांजर होणं.

घरच्या गोष्टीत मात्र हे रेंगाळणं कामी येतं. सांभाळणारा लुओमेन, वाढवणारं वेश्यागृह, आणि ज्याचं नाव काढलं तरी तिचा चेहरा बदलतो तो लाकान. (तो कोण, हे इथे फोडत नाही.) त्या प्रकरणाची खूण म्हणजे तेरडा आणि आंबुशीने रंगवलेली नखं. गौरीच्या दिवसांत तेरडा आणणाऱ्या आणि ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणणाऱ्या आपल्याला ती खूण चटकन पोचते, फक्त इथला रंग तीन दिवसांत उडत नाही.

कोडी हवी असतील तर कुराता, माणसं हवी असतील तर नेकोकुरागे. आमचं माप थोडं नेकोकुरागेंकडे झुकतं. दोन्ही वाचा, पण एकाचा तिसरा आणि दुसऱ्याचा चौथा असं करू नका, खंडांच्या सीमा जुळत नाहीत. अॅनिमेचे, म्हणजे त्यावरच्या अॅनिमेशन मालिकेचे, दोन सीझन कादंबरीच्या पहिल्या चार खंडांवर आहेत. त्यापुढचं हवं असेल तर कादंबरीचा पाचवा खंड उघडा.