डी.एड.चा कांदा

२००५च्या आसपास बारावीला बरे गुण पडले की गावाकडे घरोघरी एकच सल्ला असे: डी.एड. कर, नोकरी पक्की. प्राथमिक शिक्षक होण्याचा दोन वर्षांचा पदविका कोर्स, मग शिक्षणसेवक म्हणून महिना ३,००० रुपये मानधन, तीन वर्षं काढली की कायम. शेजारच्या अण्णांचा थोरला असाच लागला होता, मग धाकट्यालाही तिकडेच घातलं. धाकटा पदविका घेऊन बाहेर पडला तेव्हा वारं फिरलं होतं. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, कागदावरची पोरं पटावरून उडाली आणि मे २०१२ मध्ये शिक्षकभरतीच थांबली. कॉलेजं ओस पडू लागली.

दोष कुणाला द्यायचा? द्यायला पुष्कळ जण आहेत. पण नोकऱ्या इतक्या झपकन का आटल्या, याचं उत्तर बरंचसं साध्या अंकगणितात आहे, आणि ते मला फार विलक्षण वाटतं.

एक काल्पनिक जिल्हा घ्या. शाळांचा पट २ लाख १० हजार. तीस मुलांमागे एक शिक्षक, म्हणजे ७,००० शिक्षक. प्रत्येकाची नोकरी साधारण ३५ वर्षांची धरली आणि सगळ्या वयांचे शिक्षक सारखे असले, तर दरवर्षी २०० निवृत्त होतील. आता पट वर्षाला ३ टक्क्यांनी वाढत असेल, तर २१० नव्या जागा लागतील. एकूण भरती ४१०. पट जागच्या जागी राहिला तर २००. वर्षाला १ टक्का घटला तर ७० पदं आपोआप कमी होतात आणि भरती उरते १३०.

एक टक्का म्हणजे शंभर पटाच्या शाळेत एक पोर कमी. हेडमास्तरांच्याही लक्षात येणार नाही. पण वाढत्या पटाचे दिवस आठवा: ४१० वरून १३०, तिसरा हिस्साही उरला नाही. आणि घट ३ टक्क्यांवर गेली तर हिशेब उणे दहावर येतो. त्या वर्षी नवी भरती शून्य, वर दहा जण अतिरिक्त. संचमान्यता (पटावरून शिक्षकांची पदं ठरवणं), अतिरिक्त, समायोजन (अतिरिक्त शिक्षकाला दुसऱ्या शाळेत सामावणं) हे शब्द ज्यांनी शिक्षकांच्या खोलीत ऐकलेत त्यांना हा उणे आकडा चांगला ओळखीचा आहे. भरती ठरते ती पट किती आहे यावर कमी आणि पट किती बदलतोय यावर जास्त. महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी मुलांचं प्रमाण १९९२-९३ च्या पाहणीत २.९ होतं, २०१९-२१ मध्ये १.७ झालं. पट खाली येणार हे त्यातच लिहिलेलं होतं. इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी ओढून नेलेली मुलं वेगळीच.

प्रत्यक्षात वयंही सारखी नसतात. एका लाटेत लागलेले एकदमच निवृत्त होतात, त्यामुळे भरतीचा पूर ३५ वर्षांनी पुन्हा येतो. भरतीबंदीने पडलेलं खिंडारही तसंच पुढे सरकत जातं.

आता कांदा. भाव चढला की सगळे कांदाच लावतात, काढणीपर्यंत बाजार कोसळलेला असतो. मग कुणी लावत नाही आणि भाव पुन्हा चढतो. आलेखावर या फेऱ्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसतात, म्हणून अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांनी १९३४ मध्ये या सिद्धांताला तेच नाव दिलं. हार्वर्डच्या रिचर्ड फ्रीमन यांनी १९७६ मध्ये ते अमेरिकेतल्या इंजिनिअरांना लावून पाहिलं: पोरं आजचा पगार बघून प्रवेश घेतात आणि चार वर्षांनी सगळी एकदम बाजारात उतरतात. यावर वादही झाला. २००४ मध्ये आलेल्या एका शोधनिबंधात शेर्विन रोझेन आणि त्यांच्या सहलेखकाने दाखवलं, की विद्यार्थी इतके भाबडे नसतात, पुढचाही अंदाज घेतात. अमेरिकेत असेलही. आमच्या अण्णांनी मात्र थोरल्याचा पगारच पाहिला होता.

देशपातळीवर अशी गणितं आपल्याकडे झाली आहेत. १९६४-६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाने (सदस्य-सचिव जे. पी. नाईक, आजरा तालुक्यातले) १९८५-८६ पर्यंतच्या मनुष्यबळाचे अंदाज विचारात घेतले. रीत अशी: राष्ट्रीय उत्पन्न किती वाढेल ते धरा, त्यावरून कुठल्या क्षेत्रात किती माणसं लागतील ते काढा, त्यावरून किती शिकलेली हवीत ते. आयोगाने उत्पन्नवाढ वर्षाला ६ टक्के धरली. झाली ४ च्या आसपास. फरक किरकोळ वाटतो, पण २० वर्षांत ६ टक्क्यांनी उत्पन्न ३.२ पट होतं, ४ टक्क्यांनी २.२ पट. साठच्या दशकाअखेर इंजिनिअर बेकार फिरू लागले आणि प्रवेश कमी करावे लागले.

उत्पन्नाचा अंदाज चुकतो, हे समजण्यासारखं आहे. प्राथमिक शिक्षकांचं तसं नाही. पहिलीत येणारं मूल सहा वर्षं आधी जन्मनोंदीत असतं. डी.एड. दोन वर्षांचं, म्हणजे आज प्रवेश घेणारा बाहेर पडल्यावरही पुढच्या चार वर्षांचा पहिलीचा पट आजच मोजता येतो. कांदा उत्पादकाला एवढी पूर्वसूचना मिळाली असती तर! २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०३० पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. अभ्यासक्रम किमान पात्रता करू पाहतं. तसं झालं की ही चार वर्षांची आगाऊ खबर दोन वर्षांवर येईल.