बाला शार्क की पंगास? टाकीचं माप ठरवण्याआधी मासा ओळखा

पुण्यात कोथरूडला जा नाहीतर कॅम्पात, अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात शार्क मागितला की बोटभर लांबीचे दोन प्रकारचे चंदेरी मासे दाखवतात. दोघांच्याही पाठीवर उभा त्रिकोणी पर. खरा शार्क यातला एकही नाही. बाला (दुकानात सिल्व्हर) शार्क हा कार्पच्या कुळातला. इरिडेसंट शार्क म्हणजे पंगास, हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो तोच.

काचेजवळ वाकून तोंड बघा. पंगासला मिशा असतात, अंगावर खवले नसतात, पिल्लाच्या कुशीवर लांब गडद पट्टे दिसतात. बालाला मिशा नाहीत. डोळे मोठे, खवले चकचकीत आणि शेपटीसकट परांना साडीच्या काठासारखी काळी किनार.

बाला ३०-३५ सेंमीपर्यंत वाढतो. एकटा बिचकतो, म्हणून निदान पाच तरी हवेत, आणि त्यांना पोहायला सहा फुटांची धाव लागते. ६ × २ × २ फुटांच्या टाकीत सुमारे ६८० लिटर पाणी मावतं. म्हणजे काच आणि स्टँड सोडून ६८० किलो, तेही जेमतेम १.१ चौरस मीटर जागेवर. घरांचे मजले साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोचा भार धरून डिझाइन करतात. फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावर राहत असाल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, बीम कुठून जातो ते बघा. झाकणही घट्ट हवं, बाला उड्या मारतो.

पंगास मेकाँगसारख्या मोठ्या नद्यांतला, मीटरभराच्याही वर जाणारा. जरा दचकला की सुसाट काचेवर आदळतो, नाक फोडून घेतो. घरातली कुठलीच टाकी त्याला पुरणार नाही. माझं मत स्पष्ट आहे: घेऊच नका.

‘टाकी लहान असली की मासा लहानच राहतो,’ असं सर्रास सांगतात. ते साफ चुकीचं आहे. घाण पाण्यात, दाटीत वाढ खुंटते खरी, पण असा मासा आजारी पडतो, अकाली मरतो.

शार्कचा डौलच हवा असेल तर एकच रेनबो शार्क घ्या. तो १५ सेंमीच्या आसपास थांबतो आणि ४ × दीड × दीड फुटांच्या, अडीचशे लिटरच्या टाकीत नीट राहतो. स्वतःची हद्द राखतो, म्हणून दुसरा रेनबो नको. आणि पंगास आधीच घरात असेल, तर तो पाषाण तलावात किंवा मुठेत सोडू नका; परका मासा तिथल्या माशांच्या मुळावर उठू शकतो. दुकानदार परत घेतो का विचारा, नाहीतर मोठं तळं बाळगणारा कोणी शोधा.