रिसीव्हरवर एवढे मोड आले कुठनं?

वडगावात आमच्या मामांच्या घरी गेल्या दिवाळीत होम थिएटर आलं. पाच स्पीकर, एक जाड घुमणाऱ्या आवाजाचा सबवूफर, सगळ्यांना आवाज वाटून देणारा डबा म्हणजे रिसीव्हर, आणि त्याच्या रिमोटवर मोडचं बटण, दाबेल तसं नवीन नाव. हॉल, चर्च, स्टेडियम, प्रो लॉजिक, निओ सिक्स, ऑल चॅनल स्टिरिओ, स्ट्रेट... जोडायला आलेल्या पोरानं हॉल लावून दिला, भारी वाटतंय म्हणून, आणि पुढं चार महिने मामी सांगत होत्या, "काय बोलतात समजतच न्हाई की रे, विहिरीत वाकून बोलल्यागत येतंय." मामींचं बरोबर होतं. ते का बरोबर होतं हे कळायला ही नावं आली कुठनं ते बघायला लागतं, कारण हे मोड कुणी एका दिवशी बसून ठरवलेले नाहीत, प्रत्येक त्या त्या काळच्या अडचणीवर काढलेला तोडगा आहे, नवीन आलं तरी जुनं बरंच तसंच राहिलं.

सुरुवात थिएटरात. १९४० ला डिस्नेनं फँटासियासाठी बऱ्याच स्पीकरांतनं फिरणारा आवाज करून दाखवला पण खर्च एवढा की मोजक्याच ठिकाणी ते जमलं. आपल्याकडं १९७५ चा शोले ७० एमएम आणि स्टिरिओफोनिक आवाजात निघाला, तोही तसा ऐकवणारी थिएटरं थोडीच. सत्तरच्या दशकात डॉल्बी या कंपनीनं स्वस्त वाट काढली आणि मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतली ही सगळ्यात हुशारीची. चार आवाज, म्हणजे डावा, मधला, उजवा आणि मागचा, फिल्मच्या दोनच ट्रॅकमध्ये बसवले. मधला आवाज दोन्ही ट्रॅकमध्ये सारखा घालायचा, मागचा पण दोन्हीत घालायचा पण एकमेकाच्या उलट्या फेजमध्ये, म्हणजे एकात लाट वर तेव्हा दुसऱ्यात खाली, मग थिएटरातलं आवाज परत वेगळे करणारं मशीन, डीकोडर, दोन्ही ताडून बघतंय, सारखं दिसलं की मधे पाठव, उलटं दिसलं की मागं. ट्रॅक दोनच असल्यामुळं हे सगळं स्टिरिओ व्हिडिओ कॅसेटवर न मोडता घरी आलं. १९८२ ला घरगुती डॉल्बी सराउंड आलं त्यात मधला स्पीकरच नव्हता, १९८७ च्या प्रो लॉजिकनं तो दिला. मागचा आवाज मात्र एकच, आणि ७००० हर्ट्झच्या वरचं, म्हणजे एकदम बारीक तीक्ष्ण आवाज, त्यात काही नाही. २००० च्या प्रो लॉजिक टू मध्ये मागचे दोन स्पीकर वेगळे झाले, आवाजही पूर्ण यायला लागला.

आता याचा आपल्याला उपयोग काय, तर जुने मराठी ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर मोनो आहेत, डाव्या-उजव्यात एकच आवाज. प्रो लॉजिकला दोन्ही सारखे दिसले की तो सगळं मधल्या स्पीकरला देतो. म्हणजे बोलणं टीव्हीखालनंच येतं, आणि तसंच पाहिजे.

हॉल मोडची गोष्ट एकदम वेगळी, ती सिनेमातली नाहीच. १९८६ ला यामाहानं डीएसपी-१ नावाचं मशीन काढलं. खऱ्याखुऱ्या सभागृहांत भिंतीवरनं, छतावरनं आवाज किती वेळानं आणि कुठनं परत येतो ते मोजून तो तसाच्या तसा घरात तयार करायचा, ही कल्पना. घरात बसून मैफलीच्या हॉलचा भास व्हावा म्हणून केलेलं हे काम, आणि संगीतासाठी मला ते आजही आवडतं. पण पिक्चरच्या बोलण्यावर ते कशाला? पिक्चरच्या आवाजात खोली, रस्ता, देऊळ जे काय असंल ते आधीच मिसळून दिलेलं असतं. त्यात मामांचा सोपा, म्हणजे घराची पुढची खोली, लांबट, अरुंद, खाली शहाबादी फरशी, भिंतीवर कॅलेंडर सोडून काही नाही, तिथं आवाज आधीच घुमतोय आणि वरनं हॉलचा घुम.

डिजिटलनंतर दोन ट्रॅकमध्ये चार आवाज बसवायची कसरत संपली. १९९२ ला डॉल्बी डिजिटल, पुढच्या वर्षी ज्युरासिक पार्कबरोबर तसंच दुसरं, डीटीएस, मग डीव्हीडीवरनं ५.१ घरात. पाच चॅनल खरोखर वेगळे, पॉइंट वन म्हणजे फक्त जाड घुमणारा आवाज, १२० हर्ट्झपर्यंतचा. डोक्यावरनंही आवाज देणारं डॉल्बी ॲटमॉस थिएटरात २०१२ ला आणि घरात २०१४ ला. असला साउंडट्रॅक असला तर मोड निवडायचाच नसतो, स्ट्रेट किंवा ऑटो ठेवायचं, म्हणजे आला तसाच आवाज. फक्त टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये पीसीएम, म्हणजे टीव्हीनंच आवाज उलगडून पाठवायचा, असं राहिलं असेल तर बऱ्याच वेळा पाचाचे दोन होऊन येतात, ते बिटस्ट्रीम, म्हणजे आहे तसा रिसीव्हरला पाठवायचा, असं करायचं आणि रिसीव्हरच्या डिस्प्लेवर डॉल्बी नाव आलं का बघायचं.

नाइट मोड पण वाटतो तेवढा फालतू नाही. डॉल्बी डिजिटलमध्ये आवाजाबरोबरच मोठा आवाज किती दाबायचा, हळू किती उचलायचा याच्या सूचना भरून येतात, घरी रात्री ऐकणाऱ्यांचा विचार करूनच. गल्लीत घराला घर चिकटून असताना अकरानंतर हा मोड लावायलाच पाहिजे असं माझं मत.

मामांकडं आता पिक्चरला स्ट्रेट, जुन्या मोनोला प्रो लॉजिक, सकाळच्या अभंगांना साधा स्टिरिओ. हॉल मामांनी नाट्यसंगीतासाठी ठेवलाय, तोही अर्ध्यावर आणून. परवा दुपारी गेलो तर शेजारी माग चालू होते, खटखट खटखट, आणि मामी जुना पिक्चर बघत बसलेल्या, आवाज पहिल्यापेक्षा कमीच होता आणि शब्द न् शब्द कळत होता.