ऑनलाइन तास म्हणजे दूरशिक्षण नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या महाविद्यालयांत प्राध्यापकांसाठी 'दूरशिक्षणाचं प्रशिक्षण' ठेवलं की बहुतेक वेळा तिथे लिंक कशी पाठवायची, स्क्रीन कशी दाखवायची आणि पीपीटी कशी सजवायची एवढंच शिकवतात. हे ऑनलाइन शिकवण्याचं प्रशिक्षण. लॉकडाऊनने ते आपल्या सगळ्यांकडून सक्तीने करून घेतलं, त्यावर वेगळं काय सांगायचं?

ऑनलाइन शिकवण्यात इंटरनेट आणि दूरशिक्षणात छापील पुस्तक, हा फरक किरकोळ आहे. पुस्तक आता पीडीएफ होऊन मोबाइलवरही येतं. तरी दोन्ही गोष्टी वेगळ्याच: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२० च्या नियमावलीतसुद्धा मुक्त व दूरस्थ शिक्षण वेगळं आणि ऑनलाइन वेगळं धरलं आहे.

खरी गोची शंकेच्या वेळेची आहे. ऑनलाइन तासाला मुलाला अडलं तर तो विचारतो, आणि तुम्ही तिथल्या तिथे उदाहरण बदलता. दूरशिक्षणातला विद्यार्थी कणकुंबीकडच्या पावसात, दिवसभराचं काम आटोपून, रात्री एकटा घटक, म्हणजे अभ्यासपुस्तिकेतला धडा, उघडतो. त्याला अडेल तेव्हा तुम्ही झोपलेले असता. इग्नूत (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात) एक श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे ३० तास. चार श्रेयांकांचा विषय घेतला तर १२० तास. त्यातला बहुतेक वेळ हा असाच एकट्याचा. म्हणून त्याची शंका तुम्हाला लिहितानाच ओळखावी लागते, आणि प्रशिक्षण द्यायचं ते याचंच.

आपल्या नोट्समध्ये असतं: 'किमतीतील शेकडा बदलामुळे मागणीत होणाऱ्या शेकडा बदलाचे प्रमाण म्हणजे मागणीची लवचिकता.' व्याख्येत चूक नाही, पण एकट्याने वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. दूरशिक्षणाचा घटक असा लिहावा: 'दोन दुकानांत भाव सारख्याच टक्क्यांनी वाढला. एकाची विक्री १०० किलोवरून ९० वर आली, दुसऱ्याची २० वरून १० वर. कुठली मागणी जास्त लवचिक? उत्तर वहीत लिहा, मगच पुढे वाचा.' आणि लगेच खाली: 'दोन्हीकडे १० किलोच कमी झाले, म्हणून सारखीच, असं लिहिलंत का? टक्के काढा. पहिल्याची घट १० टक्के, दुसऱ्याची ५०.' वर्गात जे तोंडी सांगितलं असतं, ते असं कागदावर उतरलं पाहिजे. स्वीडनचे शिक्षणतज्ज्ञ बोर्ये होल्मबर्ग यांनी दूरशिक्षणाचा पाया म्हणून मांडलेला मार्गदर्शित संवाद तो हाच.

आपल्याकडे यात आणखी एक अडचण येते. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि पुढे इंग्रजी किंवा कन्नड. अशा मुलाला संकल्पना कळते, पण पारिभाषिक शब्दाला तो अडखळतो. हे घटक लिहिणाऱ्याने आधीच ओळखून ठेवायला हवं.

स्वाध्यायाचंही तेच. '१४/२५, ठीक' असा शेरा मारणं मला अजिबात खपत नाही. त्या विद्यार्थ्यासाठी शेरा हाच तास असतो. कुठल्या ओळीत गाडी घसरली आणि परत कुठलं पान वाचायचं, ते लिहा.

इग्नूने १९९३ मध्येच दूरशिक्षणाच्या शिक्षक-प्रशिक्षणासाठी 'स्ट्राइड' ही स्वतंत्र संस्था काढली, म्हणजे ही विद्या काही काल-परवाची नाही. माझं ठाम मत: प्रशिक्षणाचे निम्म्याहून जास्त तास प्रत्येकाने आपल्या विषयाचा एक घटक लिहिण्यात घालवावेत. मग तो दुसऱ्या विषयाच्या प्राध्यापकाला वाचायला द्यावा. वाचताना त्यांनी जिथे जिथे पेन्सिलीने खूण केली, तो भाग पुन्हा लिहावा. कॅमेरा आणि लिंक शेवटच्या दुपारी उरकली तरी चालेल.