ली ॲबीला देणगी देताय? गिफ्ट एडची पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची रीत

इंग्लंडमध्ये डेव्हनच्या उत्तर किनाऱ्यावर, लिंटन गावाजवळ, ली ॲबी नावाचं ख्रिस्ती सुट्टी-केंद्र आहे. दुसऱ्या महायुद्धात या जुन्या हवेलीत मुलांची शाळा भरत होती. १९४५ साली अँग्लिकन मंडळींनी ती विकत घेतली आणि पुढच्या वर्षी पाहुण्यांसाठी खुली केली. मराठी माणसाला ही जागा परकी वाटू नये, याला कारण आहे. अहमदनगरला मिशनरी म्हणून राहिलेले आणि १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ सुरू करणारे जॅक विन्स्लो मायदेशी परतल्यावर इथे अनेक वर्षं चॅप्लिन, म्हणजे संस्थेचे धर्मगुरू, होते. पुण्यातला ख्रिस्त सेवा संघाचा आश्रम ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा धागा लगेच कळेल.

खारा वारा खाणारी जुनी दगडी वास्तू सांभाळायची म्हणजे खर्च आलाच, आणि तो नुसत्या राहण्या-जेवणाच्या पैशांतून भागवणं सोपं नसतं. म्हणूनच ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्या प्रत्येक देणगीदाराने गिफ्ट एड, म्हणजे देणगीवर तुम्ही भरलेला कर सरकारकडून संस्थेला मिळवून देणारी योजना, नीट समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. तुम्ही १०० पौंड दिलेत की संस्था सरकारकडून आणखी २५ पौंड मागू शकते. तुमच्या खिशातून जास्तीचा एक पेनीही जात नाही.

पात्रतेची खरी अट एकच, आणि बहुतेकांचा घोळ तिथेच होतो. त्या करवर्षात, म्हणजे ६ एप्रिल ते पुढच्या ५ एप्रिलपर्यंत, तुम्ही भरलेला इन्कम टॅक्स किंवा कॅपिटल गेन्स टॅक्स हा तुमच्या सगळ्या देणग्यांवर सगळ्या संस्था मिळून जितकी रक्कम परत मागतील, निदान तेवढा तरी हवा. कौन्सिल टॅक्स (घरावरचा स्थानिक कर) आणि व्हॅट (खरेदीवरचा कर) यात धरत नाहीत. कर कमी पडला तर फरक भरायची जबाबदारी तुमची. त्यामुळे घरातल्या निवृत्त आई-वडिलांचं उत्पन्न करपात्र नसेल, तर त्यांच्या देणगीच्या फॉर्मवर गिफ्ट एडची खूण करू नका. नागरिकत्वाची किंवा ब्रिटनमध्ये राहण्याची अट मात्र नाही. भारतात राहूनही ब्रिटनमधल्या घराच्या भाड्यावर पुरेसा ब्रिटिश कर भरत असाल तर चालतं.

कागदपत्रं म्हणाल तर पासपोर्ट, पगाराची स्लिप यांतलं काहीही जोडावं लागत नाही. लागतं ते फक्त गिफ्ट एड डिक्लेरेशन, म्हणजे तुमचं घोषणापत्र. त्यात पूर्ण नाव, घराचा पत्ता (निदान घर क्रमांक आणि पोस्टकोड), संस्थेचं नाव आणि कराची जबाबदारी समजल्याचं विधान असतं. पत्ता घरचाच द्या, ऑफिसचा नको. एकच डिक्लेरेशन मागच्या चार वर्षांच्या आणि पुढच्या सगळ्या देणग्यांना लागू करता येतं, म्हणून फॉर्मवर तो पर्याय दिसला तर तोच निवडा. देणगी ज्याची, डिक्लेरेशनही त्याचंच: बायकोच्या पैशावर नवऱ्याने खूण करून भागत नाही, आणि दहा जणांनी वर्गणी काढून एकाच्या नावाने पाठवली तर तीही बसत नाही. फॉर्म संस्थेकडेच द्यायचा. पुढचा दावा संस्था एचएमआरसीकडे, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याकडे, ऑनलाइन करते.

सुट्टीला जाऊन भरलेले खोलीचे आणि जेवणाचे पैसे ही देणगी नव्हे. त्यावर गिफ्ट एड लागत नाही, मग पैसे कितीही चांगल्या कामाला जाणार असोत. बुकिंगच्या वेळी वर काही रक्कम स्वखुशीने दिलीत, तर तेवढ्यापुरतं लागतं. कंपनीच्या खात्यातून दिलेली रक्कमही यात येत नाही. तिची सवलत कॉर्पोरेशन टॅक्समध्ये (कंपनीच्या नफ्यावरच्या करात) वेगळी मिळते.

इंग्लंडमध्ये ४० टक्के दराने कर भरणाऱ्याला त्याच १०० पौंडांवर स्वतःसाठीही २५ पौंडांची सवलत मिळते. ती आपणहून मागावी लागते: सेल्फ असेसमेंट रिटर्नमध्ये (स्वतः भरायच्या कर विवरणपत्रात) आकडा लिहा, किंवा एचएमआरसीला कळवून टॅक्स कोड (पगारातून किती कर कापायचा ते ठरवणारा कोड) बदलून घ्या. त्यासाठी देणग्यांची तारीखवार नोंद ठेवा. ही रक्कम पुन्हा संस्थेलाच देणारे लोक असतात. ज्यांना परवडेल त्यांनी तसंच करावं, असं मी आग्रहाने सांगेन.

मृत्युपत्रातून संस्थेला ठेवलेल्या रकमेवर ब्रिटनचा इनहेरिटन्स टॅक्स (वारसा कर) बसत नाही. निव्वळ मालमत्तेचा निदान दहावा हिस्सा धर्मादाय कामाला ठेवला, तर उरलेल्या करपात्र भागावर ४० ऐवजी ३६ टक्के दर लागू शकतो. हे वकिलाकडूनच करून घ्या.

भारतात कर भरणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: ८०जी म्हणून ओळखली जाणारी देणगीवरची करवजावट फक्त भारतातल्या मान्यताप्राप्त संस्थांसाठी आहे, ली ॲबीला थेट पाठवलेल्या पैशावर ती वजावट मिळणार नाही. आणि नोकरी सुटली, निवृत्त झालात, कर भरणं थांबलं, की संस्थेला लगेच कळवून डिक्लेरेशन रद्द करा.