चित्रपट परीक्षण : सातारा-सांगली परिसर

चित्रपट पाहून त्यात काय जमले, काय फसले आणि का, हे कारणांसह सांगणारे लेखन म्हणजे चित्रपट परीक्षण. पूर्वी ते वृत्तपत्रांतून आणि साप्ताहिकांतून येई. आता त्याचा मोठा भाग ब्लॉग, फेसबुक आणि यूट्यूबवर असतो. सातारा-सांगलीकडून लिहिणाऱ्याच्या हाती यात एक जादा पुरावा असतो. पडद्यावर दिसणारा मुलूख, तिथली बोली आणि माणसे त्याच्या रोजच्या ओळखीची असतात.

खेळ पाहून गप्प न बसण्याची सवय या भागाला जुनी आहे. १८४२ साली कर्नाटकातील भागवत मंडळींचे, म्हणजे पौराणिक कथा सादर करणाऱ्या नटसंचांचे, खेळ सांगलीत झाले. ते पाहून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तसेच, पण अधिक नेटके खेळ मराठीत बसवायला सांगितले. त्यातून १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ हे नाटक उभे राहिले. मराठी रंगभूमीच्या आरंभी एका प्रेक्षकाचे असमाधान आहे, ही बाब समीक्षेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी अधिक ठासून सांगायला हवी. पुढे सांगलीतच जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. कीचकात व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन, द्रौपदीत परवश देश, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल हे प्रेक्षकांनी बरोबर ओळखले. सरकारनेही ओळखले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. लोकप्रिय कलाकृतीच्या पोटात काय दडले आहे ते वाचण्याचा इतका ठसठशीत नमुना मराठीत विरळाच.

चित्रपटांचे परीक्षण मात्र बराच काळ मुंबई-पुण्याच्या हाती राहिले. गंभीर लेखनाला फिल्म सोसायट्यांनी, म्हणजे सभासदांना निवडक चित्रपट दाखवणाऱ्या संस्थांनी, बळ दिले. मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८ मध्ये सुरू झाले. ‘वास्तव रूपवाणी’ हे त्याचे नियतकालिक. उत्कृष्ट चित्रपट समीक्षकाचा राष्ट्रीय पुरस्कार १९८४ पासून दिला जाऊ लागला. जिल्ह्याच्या गावातला प्रेक्षक तोवर थिएटरबाहेर चहा पिता पिता मत मांडून मोकळा होत असे. ते मत लिहून ठेवण्याची आणि परगावी पोहोचवण्याची सोय इंटरनेटने केली.

ओळखीचा मुलूख म्हणजे काय, हे वाईत कळते. ‘गंगाजल’ (२००३) मधला बिहार आणि ‘स्वदेस’ (२००४) मधले उत्तरेकडचे चरणपूर हे काल्पनिक गाव या दोन्हींचे बरेच चित्रीकरण या परिसरात झाले. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे आणि त्यामागे कृष्णेत उतरणारा दगडी घाट. ‘स्वदेस’ पाहताना वाईकराला त्या पायऱ्या दिसताक्षणी ओळखू येतात. पण ‘हा तर आमचा घाट’ एवढे लिहिले की परीक्षण होत नाही. पेशवाईतल्या मराठी घाटाला उत्तरेचे रूप देताना दिग्दर्शकाने काय चौकटीबाहेर ठेवले, माणसांचे पेहराव, त्यांची भाषा आणि घाटाचा दगड यांचा मेळ कुठे बसला, कुठे उघडा पडला, हे दाखवले की स्थानिक माहितीचे परीक्षण होते. असे बारकावे परगावच्या समीक्षकाला दिसणे अवघडच.

बोलीचेही तसेच. मराठी चित्रपटांनी ‘गावरान’ म्हणून एकच ठोकळेबाज भाषा वर्षानुवर्षे वापरली. प्रत्यक्षात कराडचे बोलणे माणदेशासारखे नाही आणि जतकडच्या मराठीला कानडीचा शेजार आहे. व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे. त्यांच्या ‘बनगरवाडी’वर अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये चित्रपट केला. तो पाहताना माणदेशी वाचक कादंबरीतले धनगर, दुष्काळ आणि रिकामे माळ मनाशी घेऊनच बसतो. चित्रपटाने पुस्तकातले किती घेतले याच्या हिशेबापेक्षा ते माळ पडद्यावर किती वेळ टिकू दिले, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. चांगला परीक्षक तोच विचारतो.

वेबवरच्या परीक्षणाची कमजोर बाजू घाईची आहे. पहिला शो सुटताच मोबाइलपुढे बोललेले दोन मिनिटांचे मत आणि त्याखालचे तारे हजारोंपर्यंत पोहोचतात. दृश्ये परत आठवून लिहिलेला मजकूर मागे पडतो. निर्मात्याकडून पैसे घेऊन केलेली स्तुती परीक्षण म्हणून खपवणे ही वाचकाची सरळ फसवणूक आहे. व्यवहार झाला असेल तर तो मजकुरातच स्पष्ट लिहिलेला असावा. कथेतला शेवटचा उलगडा सांगायचा झाल्यास आधी सूचना देण्याचा रिवाज मात्र चांगला रुजला आहे.

दृश्याचा तुकडा दाखवून त्यावर बोलणाऱ्यांना कॉपीराइटचा प्रश्न येतो. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार समीक्षेसाठी कलाकृतीचा वाजवी वापर करता येतो. मात्र यूट्यूबची स्वयंचलित तपासणी हा हेतू ओळखत नाही. दावा आला तर परीक्षकाला स्वतः हरकत नोंदवावी लागते. त्यामुळे बरेच जण दृश्याऐवजी स्थिरचित्र दाखवून काम भागवतात, आणि कॅमेऱ्याच्या हालचालीवर बोलायचे असते तेव्हा नेमकी तीच हालचाल प्रेक्षकाला दाखवता येत नाही.