मद्यमुक्ती उपचारातील बौद्धिक व भावनिक पुनर्लाभ

दारू सुटल्यावर आधी शरीर सावरते, मग मनःस्थिती आणि सर्वांत शेवटी विचारशक्ती. दहाव्या दिवशी टवटवीत दिसणाऱ्या रुग्णाला घरचे ‘बरा झाला’ म्हणून घेऊन जातात, ते नेमके चुकीच्या वेळी.

शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत कंप, घाम व बेचैनी सुरू होते. फिट बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. भास आणि बरळणे साधारण ४८ ते ९६ तासांत. त्यामुळे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरीच एकदम तोडू नये. रुग्णालयात क्लोरडायझेपॉक्साइड हे गुंगी आणणारे शामक औषध देतात (यकृत बिघडले असल्यास लोरॅझेपाम) आणि मात्रा हळूहळू उतरवतात. थायमिनचे (जीवनसत्त्व ब१) इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत द्यावे लागते. ग्लुकोज वापरताना शरीरातले उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते. गोंधळ, तोल जाणे, डोळ्यांची हालचाल बिघडणे ही वर्निके विकाराची (थायमिनअभावी मेंदूला होणाऱ्या इजेची) लक्षणे तिन्ही एकत्र क्वचितच दिसतात, म्हणून नुसत्या संशयावरही उपचार सुरू करतात. उशीर झाल्यास कोर्साकॉफ विकार जडतो: नवे लक्षात राहत नाही आणि रुग्ण त्या जागा कल्पित हकिगतींनी भरतो. घरच्यांना तो खोटारडेपणा वाटतो. तो आजार असतो.

एरवी बोलणे शाबूत असते. लक्ष, तात्पुरती स्मृती आणि नियोजन घसरलेले असते. सुधारणा पहिल्या काही आठवड्यांत वेगाने होते, नंतर वर्षभर रेंगाळत चालते. गुंगीची औषधे चालू असताना घेतलेल्या स्मृतिचाचणीचे गुण फसवे कमी येतात. समुपदेशनही सुरुवातीला थोडके, लिहून दिलेले आणि पुन्हा पुन्हा सांगितलेले बरे. सरावाला ठाणे ते वाशी स्थानके उलट क्रमाने म्हणण्यासारखे साधे काम पुरते.

उदासी अनेकांत २ ते ४ आठवड्यांत ओसरते. टिकली तर स्वतंत्र उपचार लागतात. आत्महत्येचे विचार असतील तर मात्र वाट पाहू नये. झोप महिनोन्‌महिने बिघडलेली राहते, आणि तेवढ्यासाठी ‘एकच पेग’ पुन्हा सुरू होतो. गटारीही जोखमीचीच.

ठाण्यात १९०१ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६. डायसल्फिराम (दारू प्यायल्यावर त्रास घडवणारे औषध) जेवणात लपवून कधीही देऊ नये: औषध पोटात असल्याचे ठाऊक नसताना दारू प्यायल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते.